अपघाताची भरपाई अपुरी वाटते तेव्हा : अपिलाविषयी वाचकांचे प्रश्न

खानदेशातून दोन मोठे महामार्ग जातात. मुंबई–आग्रा महामार्ग धुळे, शिरपूर करीत सातपुड्याकडे जातो, तर सुरत–नागपूर महामार्ग नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ आणि मुक्ताईनगर या गावांना जोडत पुढे सरकतो. या दोन रस्त्यांवरील अपघातांची प्रकरणे वकिलीत नित्य हाताळावी लागतात, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही त्यांचा वाटा मोठा आहे. अलीकडे आलेल्या पत्रांचा सूर मात्र बदललेला दिसतो. भरपाईचा क्लेम कसा दाखल करावा हे विचारणारे वाचक आता कमी झाले असून निकाल लागला पण रक्कम अपुरी आहे, असे सांगणारे वाढले आहेत. अशा चार पत्रांची उत्तरे या अंकात देत आहे. वाचकांची ओळख पटू नये म्हणून नावे, गावे आणि अपघात भरपाईच्या दाव्यांचा निकाल देणाऱ्या न्यायाधिकरणांचे उल्लेख वगळले आहेत.

प्रश्न : वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. मी यावल तालुक्यात राहतो. केळीच्या बागेतून कापलेले घड खांद्यावरून बांधापर्यंत आणायचे आणि गाडीत भरायचे, हे काम मी टोळीत करीत होतो. वयाच्या चौतिसाव्या वर्षी कामावरून दुचाकीने घरी परतताना मागून आलेल्या मालमोटारीने मला धडक दिली. उजव्या मांडीचे आणि गुडघ्याखालचे अशी दोन्ही हाडे मोडली, आत सळई घालावी लागली आणि आठ महिने घरी पडून राहावे लागले. गुडघा आता पुरता वाकत नाही, त्यामुळे उकिडवे बसता येत नाही आणि ओझे घेऊन चालता येत नाही. वैद्यकीय मंडळाने उजव्या पायाचे कायमचे अपंगत्व ४० टक्के असल्याचा दाखला दिला आहे. मी पाच लाख रुपयांचा दावा केला होता. न्यायाधिकरणाने माझे उत्पन्न महिना ६,००० रुपये आणि अपंगत्व १५ टक्के धरून भावी कमाईच्या नुकसानीपोटी १,७२,८०० रुपये, दवाखान्याच्या बिलांपोटी १,३८,००० रुपये आणि वेदनांपोटी २५,००० रुपये, असे एकूण ३,३५,८०० रुपये सहा टक्के व्याजासह मंजूर केले. उत्पन्नाचा लेखी पुरावा नाही आणि मी बसून करण्याचे काम करू शकतो, असे निकालात लिहिले आहे. निकालाला पन्नास दिवस झाले. आई म्हणते, ‘आते बस कर.’ मी अपील करावे का? आणि मंजूर झालेली रक्कम उचलली तर अपिलाचा हक्क जाईल का?

उत्तर : आपले पत्र वाचून प्रथम मुदतीविषयी सांगणे भाग आहे, कारण आपल्याजवळ दिवस थोडे उरले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७३ प्रमाणे न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येते आणि त्यासाठी निवाड्याच्या तारखेपासून ९० दिवसांची मुदत असते. नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंत लागलेले दिवस या मुदतीतून वजा होतात. तेव्हा आपण अद्याप नक्कल मागितली नसेल तर उद्याच अर्ज करावा आणि अर्जाची तारीख व नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेवर नोंदली गेली आहे याची खात्री करून घ्यावी. कायद्यात एक अटही आहे : अपिलातील वादाची रक्कम एक लाख रुपयांपेक्षा कमी असेल तर अपील चालत नाही. पूर्वी ही मर्यादा दहा हजारांची होती. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ती वाढली. आपल्या प्रकरणात वादाची रक्कम या मर्यादेपेक्षा बरीच अधिक आहे, हे पुढच्या हिशेबावरून दिसेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या निवाड्यातील सर्वांत मोठी चूक, माझ्या मते, त्या १५ टक्क्यांत आहे. दाखल्यावर ४० टक्के असताना १५ टक्के का धरले, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. परंतु केवळ ‘दाखल्याप्रमाणे ४० टक्के धरायला हवे होते’ एवढाच मुद्दा घेऊन आपण उच्च न्यायालयात गेलात तर तो टिकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० सालच्या निकालात हा विषय पुष्कळ तपशिलाने मांडला आहे. दाखल्यावरील टक्केवारी एखाद्या अवयवाची असू शकते. संपूर्ण शरीराचा विचार केला तर ती कमी भरते. आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान ही या दोहोंहून वेगळी, तिसरीच गोष्ट आहे. डॉक्टरांनी पहिल्या दोन गोष्टी सांगायच्या असतात. तिसरी मात्र न्यायाधिकरणाने स्वतः ठरवायची असते, आणि त्यासाठी त्या माणसाचा व्यवसाय, त्याचे वय, अपघातापूर्वी तो करीत असलेले काम आणि आता त्याच्याने होणारे काम यांचा विचार करायचा असतो.

त्याच निकालातील एक उदाहरण प्रत्येक क्लेमदाराने लक्षात ठेवावे असे आहे. डावा हात गमावलेला माणूस वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडू शकते. तोच माणूस सरकारी कार्यालयात कारकून असेल आणि त्याची नोकरी टिकून राहिली असेल तर त्याच्या कमाईत फारसा फरक पडणार नाही, आणि त्याचे नुकसान मुख्यतः जगण्यातील सुखसोयी गमावल्याच्या सदराखाली भरून द्यावे लागेल. हात तोच आणि टक्काही तोच, पण भरपाई वेगळी. हे सूत्र आपल्याला लावून पाहा. घड खांद्यावर घेऊन ओलसर, चिखलाच्या सरीतून बांधापर्यंत चालत यायचे आणि ते गाडीत रचायचे, या कामात भार गुडघ्यावरच येतो. गुडघा न वाकणाऱ्या माणसाला कोणतीही टोळी घेणार नाही, हे रावेर–यावल भागातील लहान मुलालाही ठाऊक आहे. न्यायाधिकरणाने ‘बसून करण्याचे काम’ म्हटले खरे, पण ते कोणते काम, त्यासाठी लागणारे शिक्षण आपल्याजवळ आहे का, आणि ते काम आपल्या गावात मिळते का, यांविषयी निकालात काही लिहिलेले नसेल तर ते केवळ अनुमान ठरते. अपिलाचा पहिला आणि मुख्य आधार हाच असावा.

इथे मला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. हा मुद्दा उच्च न्यायालयात किती ठामपणे मांडता येईल हे खालच्या न्यायालयात पुरावा कसा नोंदला गेला यावर अवलंबून असते. दाखला देणारे डॉक्टर साक्षीसाठी आले होते का? अर्जदाराला ओझे उचलता येणार नाही आणि उकिडवे बसता येणार नाही असे त्यांनी शपथेवर सांगितले का? टोळीच्या मुकादमाची साक्ष झाली का? आपल्या वकिलांकडून साक्षींच्या नकला घेऊन हे आधी पाहावे. डॉक्टर तपासलेच गेले नसतील तर अपिलात अतिरिक्त पुरावा देण्याची परवानगी मागता येते. पण ती हक्काने मिळत नाही, पुरावा आधी का दिला नाही याचे सबळ कारण दाखवावे लागते. अनेक प्रकरणांत दाखला नुसता कागदपत्रांच्या यादीला जोडला जातो आणि डॉक्टरांना बोलावण्याचा खर्च व कटकट टाळली जाते. ती बचत पुढे फार महागात पडते. ज्यांचे दावे अद्याप चालू आहेत अशा वाचकांनी कृपया याची नोंद घ्यावी.

दुसरा मुद्दा उत्पन्नाचा. लेखी पुरावा नाही म्हणून ६,००० रुपये धरणे योग्य नाही. कर्नाटकातील एका भाजीविक्रेत्याच्या प्रकरणात, ज्याचा पाय २००८ सालच्या अपघातात गेला होता, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले की असंघटित क्षेत्रात पोट भरणाऱ्या माणसाकडून उत्पन्नाच्या कागदांची अपेक्षा करता येत नाही, आणि कागद नसतानाही त्याचे उत्पन्न महिना ६,५०० रुपये धरले. शिवाय त्याच्या कमाईच्या क्षमतेचे नुकसान ८५ टक्के मानले, कारण भाजी विकायला फिरावे लागते. २००८ साली भाजीविक्रेत्याचे उत्पन्न ६,५०० रुपये धरले गेले असेल, तर त्यानंतर कित्येक वर्षांनी अपघात झालेल्या भरणी कामगाराचे ६,००० रुपये कसे, हा प्रश्न उच्च न्यायालयासमोर सरळ विचारता येईल. त्याच्या जोडीला अपघाताच्या वर्षी लागू असलेली किमान वेतनाची शासकीय अधिसूचना आणि मुकादमाची हजेरी वही असल्यास तीही दाखवावी.

तिसरा मुद्दा भावी वाढीचा, आणि हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा आहे. प्रणय सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी ठरवून दिले की स्वयंरोजगार असलेल्या किंवा ठरावीक पगारावर काम करणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात, वय चाळीसपेक्षा कमी असल्यास ४० टक्के, चाळीस ते पन्नासमध्ये २५ टक्के आणि पन्नास ते साठमध्ये १० टक्के वाढ धरावी. तो निकाल मृत्यूच्या प्रकरणातला होता, त्यामुळे जखमींना ही वाढ मिळत नाही असा युक्तिवाद विमा कंपन्या बराच काळ करीत राहिल्या. दोन्ही हात गमावलेल्या एका सुताराच्या २०१८ सालच्या प्रकरणात, आणि पुन्हा २०२० व २०२२ सालच्या निकालांत, सर्वोच्च न्यायालयाने कायमच्या अपंगत्वातही ही वाढ दिली आहे. आपल्या निवाड्यात ती मुळीच दिसत नाही.

आता हिशेब मांडून पाहू. वयानुसार गुणांक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला गुणायचा आकडा, किती असावा याचा तक्ता सरला वर्मा या २००९ सालच्या निकालात आहे. ३१ ते ३५ वयासाठी तो १६ आहे आणि न्यायाधिकरणाने तो बरोबर लावला आहे : ६,००० गुणिले १२ गुणिले १६, त्याचे १५ टक्के म्हणजे १,७२,८०० रुपये. बाकी काहीही न बदलता उत्पन्न तेवढे १०,००० रुपये धरले तर हीच रक्कम २,८८,००० रुपये होते. त्यात ४० टक्के भावी वाढ मिळवली की ती ४,०३,२०० रुपये होते. आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान १५ ऐवजी ४० टक्के मानले गेले, तर रक्कम १०,७५,२०० रुपयांवर जाते. १०,००० रुपये हा आकडा मी केवळ समजण्यासाठी घेतला आहे. आपल्या प्रकरणात तो पुराव्यावरून ठरेल. परंतु कोणत्या आकड्यावर भांडण्यात अर्थ आहे ते यातून दिसते. वेदनांचे २५,००० रुपये ५०,००० करून घेण्यासाठी कुणी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची वाट धरू नये. कमाईचा टक्का दुरुस्त होण्यासाठी जरूर धरावी.

याखेरीज काही सदरे निवाड्यात राहूनच गेली आहेत. उपचाराच्या आठ महिन्यांत बुडालेली मजुरी दिलेली नाही. दवाखान्यात जाण्यायेण्याचे भाडे, आपली शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा मोबदला आणि पोषक आहार यांचाही उल्लेख आपण कळवलेल्या तपशिलात नाही. उकिडवे बसता न येणे, शेतात–देवळात–लग्नकार्यात जमिनीवर मांडी घालून बसता न येणे, हे खानदेशातील माणसाच्या रोजच्या जगण्यातले मोठे नुकसान आहे आणि ‘जीवनातील सुखसोयी गमावणे’ या सदराखाली ते स्वतंत्रपणे मागता येते. पायातील सळई पुढे काढावी लागणार असेल तर त्या शस्त्रक्रियेचा अंदाजित खर्चही आताच मागितला पाहिजे, कारण एकदा निवाडा अंतिम झाल्यावर पुढच्या खर्चासाठी नवा निवाडा मिळण्याची सोय या कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा प्रकरणात, डिसेंबर २००२ मध्ये, हे सांगितले आणि त्याच निकालात दुसरीही एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : न्यायाधिकरणाचे काम न्याय्य भरपाई ठरवण्याचे असल्यामुळे मागितलेल्या रकमेपेक्षा अधिक रक्कम देण्यास कायद्याची आडकाठी नाही. आपण मुळात पाच लाखच मागितले होते म्हणून अपिलात त्याहून अधिक मागता येणार नाही, असे कुणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. वाढीव रकमेवर कोर्ट फी किती लागेल ते मात्र वकिलांकडून आधी समजून घ्यावे.

मंजूर रक्कम उचलल्याने अपिलाचा हक्क जात नाही. अर्जात ‘अपिलाचा हक्क राखून’ असे शब्द घालावेत आणि रक्कम अवश्य उचलावी; आठ महिने घरी बसलेल्या माणसाने उच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत पैसे कोर्टात ठेवून देणे मला पटत नाही. दुसऱ्या बाजूचाही विचार सांगतो. आपले अपील दाखल झाले की विमा कंपनीला नोटीस जाईल आणि तीही आपला आक्षेप दाखल करू शकेल. तेव्हा मालमोटारीच्या चालकाच्या निष्काळजीपणाविषयीचा निष्कर्ष आपल्या बाजूने भक्कम आहे ना, हे वकिलांकडून पारखून घ्यावे. आपण कळवल्याप्रमाणे धडक मागून बसली आहे आणि पंचनाम्यातही तसेच असेल, तर त्या बाजूने मला फार धोका दिसत नाही. अपिलाचा निकाल लागायला काही वर्षे जाऊ शकतात. वाढलेल्या रकमेवरही सामान्यतः व्याज मिळते.

खर्चाविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. दिव्यांग व्यक्ती, स्त्रिया आणि अनुसूचित जाती–जमातींतील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. औरंगाबाद खंडपीठात यासाठी उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे आणि जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून तिच्याकडे अर्ज पाठवता येतो. आणि मिळणाऱ्या भरपाईतील ठरावीक टक्के रक्कम वकिलाने फी म्हणून घ्यायची असा करार करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केली आहे. तसे कुणी सुचवल्यास नम्रपणे नकार द्यावा. या व्यवसायात राहून हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. अपंग झालेल्या माणसाच्या भरपाईत वाटा मागणे ही आमच्या व्यवसायाला लाज आणणारी गोष्ट आहे.

आपल्या आईचे म्हणणे मला समजते. पण आपल्या प्रकरणात, माझ्या मते, अपील करावे.

प्रश्न : अमळनेर तालुक्यातून मी आईच्या वतीने लिहीत आहे. तिचे वय त्रेचाळीस आहे. वडील, आई आणि माझा लहान भाऊ एकाच मोटारसायकलवरून जात असताना समोरून आलेल्या जीपने धडक दिली. आईचा खांदा आणि मनगट कायमचे अधू झाले. ती घर सांभाळते, दोन म्हशींचे सारे करते, शिवाय निंदणीला जाते. न्यायाधिकरणाने ‘अर्जदार गृहिणी आहे’ म्हणून तिचे उत्पन्न महिना ३,००० रुपये धरले आणि मोटारसायकलवर तिघे बसल्यामुळे भरपाईतून २५ टक्के कापले. निकालाला पाच महिने होऊन गेले आहेत. आता काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, मात्र विलंब माफीच्या अर्जासह. ९० दिवसांनंतरही सबळ कारण दाखवल्यास उच्च न्यायालय अपील दाखल करून घेऊ शकते. आईचे उपचार, नक्कल मिळण्यास लागलेला वेळ, निकाल उशिरा कळणे, असे जे खरे कारण असेल ते तारखांसह प्रतिज्ञापत्रात लिहावे. उशिराच्या काळाचे व्याज न मिळण्याची शक्यता असते, म्हणून आणखी एक आठवडाही दवडू नये.

तिघे बसल्याबद्दलच्या कपातीविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये निर्णय दिलेला आहे. मोटारसायकलवर तिघांनी बसणे हा वाहतुकीच्या नियमांचा भंग आहे. पण त्या भंगामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली असा संबंध पुराव्याने दाखवल्याखेरीज मागे बसलेल्या माणसाच्या भरपाईतून काही कापता येत नाही. आपल्या प्रकरणात जीप चुकीच्या बाजूने आली असेल तर तिघे आणि दोघे यांत काय फरक पडला, हे विमा कंपनीने सिद्ध करायचे होते. शिवाय आपली आई गाडी चालवत नव्हती. वडिलांचा थोडाफार दोष मानला गेला तरी तो आईचा दोष ठरत नाही. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्या माणसाला इजा झाल्यास त्याला संपूर्ण भरपाई दोहोंपैकी कुणाकडूनही वसूल करता येते, असे २०१५ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. ही कपात अपिलात टिकेल असे मला वाटत नाही.

गृहिणीच्या कामाचे मोल तीन हजार रुपये धरण्याची सवय मात्र मनाला खटकते. हा आकडा जमशेदपूर येथील १९८९ सालच्या आगीच्या दुर्घटनेच्या प्रकरणात, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयाने वापरला होता. त्यानंतर रुपयाची किंमत किती उतरली आणि निंदणीची मजुरी किती चढली हे सर्वांसमोर असताना तोच आकडा निवाड्यांत पुन्हा पुन्हा उतरत राहतो. ५ जानेवारी २०२१ रोजी दिलेल्या कीर्ती प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचा सविस्तर विचार केला आहे. देशातील स्त्रिया घरातील बिनमोबदल्याच्या कामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे, ही २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणातील आकडेवारी त्यात आहे, आणि गृहिणीच्या मानीव, म्हणजे गृहीत धरलेल्या, उत्पन्नावरही भावी वाढ देता येते असे ठरवले आहे. तो निकाल मृत्यूच्या दाव्यातला असला तरी श्रमाचे मोल ठरवण्याचे तत्त्व जखमी स्त्रीला तितकेच लागू पडते. आपल्या आईच्या बाबतीत तर घरकामाच्या पलीकडे म्हशींचे आणि शेतमजुरीचे उत्पन्न आहे. दूध संकलन केंद्राची वही आईच्या किंवा वडिलांच्या नावे असेल तर ती शोधावी. त्रेचाळीस वयासाठी भावी वाढ २५ टक्के आणि गुणांक १४ आहे. खांदा वर न होणारी स्त्री धार कशी काढेल, भाकरी कशी थापेल, विहिरीतून पाणी कसे शेंदेल, हे तिच्या साक्षीत आले आहे का, तेही पाहावे.

प्रश्न : माझ्या बाजूने लागलेल्या निवाड्याविरुद्ध विमा कंपनीने अपील केले असून मला उच्च न्यायालयाची नोटीस आली आहे. मी शहादा तालुक्यात राहतो. रक्कम मलाही कमीच वाटत होती, पण मी अपील केले नव्हते. आता मला हजर राहणे आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक आहे, आणि ही नोटीस घरात ठेवून देऊ नये. धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात. मालेगाव, सटाण्याकडील अहिराणी बोलणारा मुलूख नाशिक जिल्ह्यात असल्यामुळे तेथील अपिले मात्र मुंबईला चालतात. शहाद्याहून प्रत्येक तारखेला आपण स्वतः जाण्याची गरज नाही, वकीलपत्र दाखल करणे पुरेसे असते.

आपण अपील केले नसले तरी विमा कंपनीच्या अपिलात प्रति-आक्षेप, म्हणजे वकिलांच्या बोलीतील क्रॉस ऑब्जेक्शन, दाखल करून वाढीव रक्कम मागता येते. त्याची मुदत नोटीस बजावल्यापासून एक महिन्याची आहे. प्रति-आक्षेप नसताना केवळ विमा कंपनीच्या अपिलात आपली रक्कम वाढवून मिळेल यावर विसंबून राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालच्या एका निकालात म्हटले आहे की अशा वेळी क्लेमदार मिळालेली रक्कम राखण्यासाठी दुसऱ्या सदरांचा आधार घेऊ शकतो, परंतु तिच्या वर जाऊ शकत नाही. काही प्रकरणांत न्यायालयांनी त्याहून उदार भूमिका घेतली आहे, पण एक महिन्यात एक अर्ज करून जी गोष्ट निश्चित होते ती उदारतेवर का सोडावी?

विमा कंपनीला अपील दाखल करताना २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांतील जी कमी असेल ती, भरावी लागते. त्यापलीकडे वसुलीला स्थगिती हवी असेल तर न्यायालय सहसा मोठी रक्कम जमा करण्याची अट घालते. ती जमा झाली की आपल्या वकिलांनी ती काढून मिळण्याचा अर्ज लगेच करावा. हमीपत्रावर किंवा जामिनावर तिचा काही भाग, कधी संपूर्ण रक्कमही, अपील चालू असताना मिळते.

प्रश्न : चाळीसगाव तालुक्यातून लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी माझा क्लेम लोकअदालतीत चार लाख रुपयांना तडजोडीने मिटला. आता पायाची दुसरी शस्त्रक्रिया सांगितली आहे. वाढीव भरपाईसाठी अपील करता येईल का?

उत्तर : येणार नाही, हे सांगताना वाईट वाटते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात अपील चालत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण ती फार मर्यादित कारणांवर : आपली संमतीच नव्हती, सही फसवून घेतली, अशा स्वरूपाचे काही घडले असेल तरच. रक्कम पुढे अपुरी ठरली हे त्यातले कारण नाही. आपल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी शासनाच्या आरोग्य योजनेचा लाभ मिळतो का, हे जळगाव किंवा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारून पाहावे. आणि ज्यांचे क्लेम येत्या लोकअदालतीत ठेवले जाणार आहेत त्यांनी तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून एकच गोष्ट लेखी घ्यावी : पुढे आणखी शस्त्रक्रिया लागेल का, आणि लागल्यास अंदाजे खर्च किती येईल.